एक बटण वाढवायचं का? सोशल सेवा बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडीत दिवसा दुसऱ्याचं ॲप लिहून रात्री स्वतःचं बांधणारी मुलं, कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांच्या कमिट्या, ढोल-ताशा पथकांचे कार्यकर्ते, दर रविवारी सिंहगड चढणारे गट. या सगळ्यांना हल्ली स्वतःची छोटीशी सोशल सेवा, म्हणजे आपापसांत बोलायचं ॲप किंवा ग्रुप, हवी असते. मी इंटरफेस डिझाइनचं काम करतो, त्यामुळे ही मंडळी भेटली की प्रश्न ठरलेले आणि माझी उत्तरंही ठरलेली. ती एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत आणि बरीच ठाम आहेत.

एखादं फीचर जास्त दिलं तर बिघडलं काय? ज्याला नको त्याने वापरू नये.

कॅल्क्युलेटरच्या बाबतीत हे अगदी खरं. साइन-कॉसचं बटण वाण्याने जन्मात दाबलं नाही तरी त्याची बेरीज चुकत नाही. सोशल सेवेत मात्र तुम्ही न वापरलेलं फीचरही तुमच्यावर चालतं, कारण समोरचा ते वापरत असतो.

ब्लू टिकचं बघा. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने त्या आणल्या तेव्हा स्क्रीनवर नवीन काहीच आलं नव्हतं, राखाडी खुणेचा रंग तेवढा बदलला होता. पण ‘वाचलं आणि उत्तर दिलं नाही’ हा एक नवा गुन्हा त्या दिवसापासून घरोघरी रुजू झाला. आत्याचा मेसेज बसमध्ये उभ्याने वाचला, म्हटलं घरी जाऊन सावकाश लिहू, आणि घरी पोचेपर्यंत आत्या रुसलेली. ओरड इतकी झाली की लवकरच ब्लू टिक बंद करायची सोय द्यावी लागली. तीही अटींसकट: तुम्ही बंद केली तर दुसऱ्याचीही दिसणार नाही, आणि ग्रुपमध्ये ती बंद होतच नाही. म्हणजे एका रंगाच्या पाठोपाठ एक सेटिंग, दोन अटी आणि ‘तू ब्लू टिक बंद का ठेवली आहेस?’ हा आणखी एक प्रश्न.

म्हणून एखाद्या फीचरचा विचार करताना ते दाबणाऱ्याच्या आधी, ज्याच्यावर दाबलं जाणार आहे त्याचा विचार करा. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचं मूळ हेच आहे.

म्हणजे सेवा जितकी साधी तितकी चांगली?

नाही. असं मानणारे डिझायनर मला भेटतात आणि त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

लॅरी टेस्लर नावाचे संगणकतज्ज्ञ होते. कट-कॉपी-पेस्ट आपल्या हाती आलं ते त्यांच्यासारख्यांमुळे. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा: प्रत्येक कामात काही गुंतागुंत अटळ असते, ती नाहीशी करता येत नाही. ती बनवणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने, एवढंच ठरवता येतं.

२००६ साली ट्विटर सुरू झालं तेव्हा कोणाला उत्तर द्यायची, विषयानुसार शोधायची किंवा दुसऱ्याचं लिखाण पुढे पाठवायची धड सोय नव्हती. दिसायला झकास साधं. सोसलं कोणी? वापरणाऱ्यांनी. त्यांनी नावाआधी ॲटचं चिन्ह लावायला सुरुवात केली, दुसऱ्याचा मजकूर हाताने चिकटवून त्याआधी ‘आरटी’ (म्हणजे रिट्वीट) लिहू लागले, आणि ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी विषयासाठी हॅशचं चिन्ह वापरू या असं सुचवलं. कंपनीने हे सगळं नंतर आपलंसं केलं. हॅशटॅगवर क्लिक करता येऊ लागलं आणि रिट्वीटचं बटण आलं, दोन्ही २००९ मध्ये.

यात एक चांगलं झालं. कुठली सोय खरंच लागते हे कंपनीला अंदाजाने ठरवावं लागलं नाही, लोकांनी ते करून दाखवलं होतं. पण हाताने आरटी करताना मजकूर कॉपी करावा लागे, तो बसवायला दोन शब्द कापावे लागत, आणि तेवढ्या वेळात ‘जाऊ दे, कशाला?’ असंही वाटून जाई. बटणाने तो वेळच काढून घेतला. ते बटण बनवणाऱ्या चमूचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. कृती तीच होती, लोकांनीच शोधलेली होती, तरी मधले कष्ट गेल्यावर ती वेगळीच होऊन बसली.

पण इन्स्टाग्राम तर फीचर्स छाटूनच मोठं झालं ना?

हो, आणि ही गोष्ट प्रत्येक सादरीकरणात अर्धीच सांगितली जाते. केविन सिस्ट्रॉम यांनी आधी ‘बर्बन’ नावाचं ॲप केलं होतं. कुठे आहोत ते नोंदवा, पुढचे बेत टाका, गुण मिळवा, फोटो लावा, असं बरंच काही त्यात होतं. मग ते आणि माइक क्रीगर यांनी फोटो, कमेंट आणि लाईक एवढंच ठेवलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं.

राहिलेली अर्धी गोष्ट अशी की काय ठेवायचं हे त्यांनी लोक खरोखर काय वापरतात ते पाहून ठरवलं. आणि जे ठेवलं त्याच्यामागे भरपूर काम दडवलं. त्या वेळी मोबाइलचं नेट मंद होतं, म्हणून तुम्ही फोटोखाली ओळ लिहीत असतानाच फोटो मागच्या मागे चढायला लागायचा. ओळ लिहून होईस्तोवर निम्मं काम झालेलं असे. लोकांना वाटे, ॲप किती चटकन चालतं! टेस्लर यांचा नियम इथे बनवणाऱ्याने आपल्या अंगावर घेतला.

अक्षरांची मर्यादा घालावी का? लोक फार लांब लिहितात.

घाला, पण मराठीत मोजून घाला. ट्विटरची १४० ची मर्यादा एसएमएसवरून आली. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं, त्यातली २० नावासाठी राखलेली. हा हिशोब इंग्रजीचा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये जेमतेम ७० मावतात, आणि त्यातही मात्रा वेगळी मोजली जाते. ‘पुणे’ लिहायला चार जागा जातात. एक आख्खी पिढी मराठी रोमन लिपीत लिहायला शिकली त्यामागे कीबोर्डइतकाच हा हिशोबही होता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्विटरने मर्यादा २८० केली तेव्हा चिनी, जपानी आणि कोरियन भाषांना वाढ दिली नाही, कारण त्यांचं कमी जागेत जास्त मावतं. मर्यादा सगळ्यांना सारखी दिसली तरी सारखी नसते, हे तिथे निदान लक्षात घेतलं गेलं. तुम्ही ‘गुरुवारी संपूर्ण दिवस पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी कमी दाबाने पाणी येईल’ ही नेहमीची सूचना आधी लिहून पाहा आणि मग आकडा ठरवा. नावाच्या रकान्यात माहेर-सासरची दोन्ही आडनावं मावतात का तेही बघा. नाही मावली तर पहिली तक्रार त्याचीच येणार.

मग सगळ्या ॲपमध्ये स्टोरी कशी काय आली?

शेजाऱ्याकडे आहे म्हणून. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये चोवीस तासांनी नाहीशी होणारी स्टोरी आणली. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने ती उचलली आणि तिथे ती जोरात चालली, कारण फीडवर, म्हणजे मुख्य पानावर, फक्त नटूनथटून काढलेले फोटो टाकायचं दडपण लोकांवर आलं होतं आणि स्टोरीने ते हलकं केलं. मग लिंक्डइननेही आणली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये काढली. ट्विटरने ‘फ्लीट्स’ नावाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणली आणि वर्षही भरायच्या आत, ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केली. ज्या सेवेला जे दुखणंच नव्हतं तिला त्याचं औषध देऊन काय होणार?

लोक स्वतःच फीचर मागतात. नाही म्हणायचं का?

मागणी ऐका, पण मागितलेलं तसंच्या तसं देऊ नका.

थॉम्पसन, हॅमिल्टन आणि रस्ट या अभ्यासकांनी २००५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. वस्तू वापरण्याआधी माणसं जास्त सोयींची वस्तू निवडतात. वापरून झाल्यावर त्यांनाच कमी सोयींची बरी वाटते. म्हणून मीटिंगमधली मागणी आणि महिन्याभराने येणारी तक्रार एकाच तोंडून आलेली असू शकते.

मी उलटा प्रश्न विचारतो: ‘शेवटचं कधी अडलं होतं?’ कमिटी म्हणते, तक्रारींसाठी वेगळा विभाग हवा, त्यात प्रकार हवेत, फोटो हवेत, तारे हवेत. खोदून विचारलं की कळतं, लिफ्टची तक्रार केल्यावर सेक्रेटरींनी ती पाहिली की नाही तेच कोणाला समजत नाही, म्हणून तीच तक्रार चार जण पुन्हा टाकतात. इथे एकच गोष्ट हवी: ‘पाहिलं, माणूस उद्या येईल’ हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. ताऱ्यांनी लिफ्ट सुरू होत नाही.

पथकाचंही तसंच. सरावाची वेळ विचारली की पन्नास ‘हो’ आणि वीस ‘जय गणेश’ येतात आणि त्यात नाही म्हणणारे चार हरवतात. इथे मात्र साधं मतदान खरंच उपयोगी पडतं. सगळ्याच मागण्या फोल असतात असं नाही.

आमच्या सोसायटीला वेगळं ॲप हवं की व्हॉट्सॲप ग्रुप पुरे?

बहुतेकदा दोन ग्रुप पुरतात. एक बोलायचा आणि एक फक्त सूचनांचा. फक्त ॲडमिनने लिहायची सोय व्हॉट्सॲपवर २०१८ पासून आहे आणि ती मला त्यांच्या सगळ्यात कमी वाखाणलेल्या सोयींपैकी वाटते. टँकर कधी येणार ही ओळ वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाऊ नये, एवढंच तर हवं असतं.

वेगळं ॲप घ्या ते हिशोबासाठी: मेंटेनन्स, पावत्या, पाहुण्यांची गेटवरची नोंद. आणि विकणाऱ्याने त्यात ‘सोशल फीड’ही आहे असं कौतुकाने सांगितलं तर ते बंद ठेवता येतं का हे आधी विचारा. भांडायला एक जागा पुरते.

गुड मॉर्निंगचे मेसेज थांबवायला काही बटण?

नाही.

एखाद्या सेवेने फीचर कमी केल्याने भलं झालं, असं उदाहरण आहे?

आहे, आणि ते आपल्या राज्याशी बांधलेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्या काळात देशात अशा बऱ्याच घटना घडत होत्या आणि अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं, आणि फोटो-व्हिडिओंच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढून टाकलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं, आणि त्यामुळे अशा मेसेजची फिराफिरी ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

गंमत नव्हे, पण नोंद घेण्याजोगी गोष्ट: कोणाचंही बोलणं बंद केलेलं नव्हतं. सहाव्या माणसाला पाठवायचं तर पुन्हा एकदा हात हलवायचा, एवढंच. अर्थात अफवेला बळी पडणारा समाज आणि उशिरा पोचणारे पोलीस हे प्रश्न बटणाने सुटत नाहीत, आणि ते सुटल्यासारखं बोलणाऱ्या कंपन्यांचा मला राग येतो.

निव्वळ तांत्रिक छाटणीचं उदाहरण हवं असेल तर फेसबुक मेसेंजर. २०२० मध्ये त्यांनी आयफोनचं ॲप नव्याने लिहिलं आणि मूळ कोड १७ लाख ओळींवरून ३ लाख ६० हजार ओळींवर आणला.

चीनमध्ये वीचॅटमध्ये तर सगळंच आहे. मग ते कसं चाललं?

चांगला प्रश्न. २०११ मध्ये गप्पांसाठी सुरू झालेल्या वीचॅटमध्ये आज पैसे देणं, तिकिटं, दुकानं सगळं आहे. पण खाली कप्पे अजून चारच. आणि गप्पांची खिडकी अजून गप्पांचीच आहे. बाकीचं शोधत जाणाऱ्यालाच सापडतं.

मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त शहाणपणाची वाटते. तिथल्या ‘मोमेंट्स’मध्ये तुमच्या मित्राच्या फोटोवर तुम्हाला फक्त तुमच्या ओळखीच्यांचेच लाईक आणि कमेंट दिसतात. अनोळखी लोकांचं भांडण तुमच्यासमोर येतच नाही. हे फीचर भरपूर गुंतागुंतीचं आहे, पण ती गुंतागुंत सर्व्हर सोसतो.

याच्या उलट गूगल वेव्ह. २००९ मध्ये ईमेल, चॅट आणि सामाईक लेखन असं सगळं एकाच खिडकीत आणलं. समोरचा लिहीत असताना त्याचं एकेक अक्षर, खोडाखोडीसकट, तुम्हाला दिसायचं. ऑगस्ट २०१० मध्ये ते थांबवत असल्याचं जाहीर झालं. वाक्य पुरतं जुळण्याआधी ते कोणी वाचावं, असं कोणाला वाटतं?

आई-बाबांसाठी साधं म्हणजे मोठी अक्षरं, बरोबर?

अक्षरं मोठी कराच. पण ज्येष्ठांना अडवतं ते लपवलेलं. डावीकडे सरकवा, दाबून धरा, तीन टिंबांत शिरा. स्क्रीन मोकळी दिसावी म्हणून डिझायनरने सगळं आत कोंबलं की त्याला साधेपणाची बक्षिसं मिळतात आणि बाबा नातवाला फोन करतात. बटणावर मराठीत शब्द लिहा. नुसतं चित्र काढून सोडू नका. त्या चित्राला नाव दिलेलं नसेल तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तिथे ‘बटण’ एवढंच ऐकू येतं.

आणि आवाजाचा मेसेज ठेवा. टाइप करायला कंटाळणाऱ्या पिढीला त्याने जेवढं बोलतं केलं तेवढं कुठल्या कीबोर्डने केलं नसेल. मात्र ऐकणाऱ्याची चार मिनिटं जातात हेही लक्षात ठेवा. पुन्हा तेच, दाबणारा आणि ज्याच्यावर दाबलं तो.

लाईकचे आकडे दाखवावेत का?

छोट्या गटात नकोत. पाचशे अनोळखी लोकांत एका फोटोला सतरा लाईक मिळाले तर कोणी मोजत नाही. एकाच इमारतीत चेअरमनच्या पोस्टला चाळीस आणि भाडेकरूच्या पोस्टला दोन, हे मात्र सगळे मोजतात. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये आकडे लपवून पाहिले आणि मे २०२१ मध्ये निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. तुम्ही इतके मोठे नाही आहात, तुम्ही ठरवून टाका.

पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवायच्या की अल्गोरिदमने, म्हणजे कोणाला काय आवडेल याचा यंत्राने बांधलेला अंदाज घेऊन?

दोनशे माणसांसाठी अल्गोरिदम? वेळेच्या क्रमाने.

मग मोठ्या कंपन्या फीचर्स वाढवत का राहतात? त्यांना हे कळत नाही?

चांगलं कळतं. व्हॉट्सॲपचे जॅन कूम यांच्या टेबलावर सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी लिहिलेली एक चिठ्ठी असायची: जाहिराती नकोत, खेळ नकोत, चमत्कृती नकोत. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला ती कंपनी घ्यायचं ठरवलं तेव्हा वापरणारे ४५ कोटी होते आणि कर्मचारी पन्नासच्या आसपास. इतक्या कमी माणसांत इतकं चालवता आलं, कारण करायचं काम थोडं ठरवलेलं होतं.

पण १९ अब्ज कुठून तरी वसूल व्हायचे असतात. स्टेटस आलं, चॅनेल आली, आणि जून २०२५ मध्ये अपडेट्सच्या कप्प्यात जाहिराती येणार असल्याचं जाहीर झालं. साधेपणा टिकतो की नाही हे पुष्कळदा डिझायनरच्या टेबलावर ठरतच नाही. तुमचा खर्च वर्गणीतून भागत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. कोणाला वेळ ‘घालवायला’ लावायची तुम्हाला गरज नाही.

चालू असलेलं काढायचं किंवा बदलायचं असेल तर?

जपून. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपने जुनं एका ओळीचं स्टेटस काढून तिथे फोटोंचं स्टेटस बसवलं. लोकांनी इतकी कुरकुर केली की ती ओळ पुढच्याच महिन्यात परत आणावी लागली. २०१८ मध्ये स्नॅपचॅटने मांडणी बदलली, तेव्हा जुनी परत द्या म्हणणाऱ्या अर्जावर बारा लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि त्या वर्षी रोज वापरणाऱ्यांची संख्या १९ कोटी १० लाखांवरून १८ कोटी ८० लाखांवर घसरली.

लोकांनी तुमच्या मांडणीत स्वतःच्या सवयी बसवलेल्या असतात. ती एक ओळ कोणाची दुकानाची वेळ होती, कोणाची ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका’. काढण्याआधी ती कोण कशासाठी वापरतं ते विचारा. नुसत्या वापराच्या आकड्यावर जाऊ नका. ‘वॉचमनला कळवा’ हे बटण वर्षातून दोनदा दाबलं जात असेल, पण ते कुठल्या दोन वेळा ते बघा.

एवढं सगळं ऐकून एक नवीन फीचर द्यायचं ठरवलंच आहे. कसं द्यावं?

आधी कागदावर एकच ओळ लिहा: याचा त्रास कोणाला होईल? ‘कोणालाच नाही’ असं उत्तर आलं तर कागद बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. मग एकाच विंगला किंवा पथकातल्या एकाच वाद्याच्या गटाला द्या. महिनाभर ठेवा. काय विचारायचं तर ‘आवडलं का?’ नव्हे, ‘कोणाशी वाजलं का?’ हे विचारा. बंद करायचं ठरलं तर कसं बंद करणार, तेही आधीच ठरवा. नंतर कोणी तरी त्यात जुने फोटो ठेवलेले असतात आणि मग ते कायमचं गळ्यात पडतं.

आमच्या पथकाला नवीन ॲप गणपतीत सुरू करायचं आहे. चालेल का?

अजिबात नाही. त्या दहा दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून कोणी सेटिंग शिकणार नाही, आणि मिरवणुकीत पुढची तुकडी कुठे अडकली आहे हे कळायला फोन आणि शिट्टीच कामी येते. पितृपक्षात करा. शुभारंभ कोणी करू देणार नाही, पण चाचणीला कोणाची ना नसते. तेव्हा ढोल उतरवून ठेवलेले असतात, माणसं मोकळी असतात आणि नावं ठेवायला सगळ्यांकडे वेळ असतो.